उतारावरची आठ घरं

किलव्हेरी,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय एल्स्पेथताई,

तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळे ठीक. रोरी, सूनबाई कर्स्टी आणि छोटी मिरेन अजून माझ्याकडेच आहेत, मागच्या खोलीत. मिरेनला दाढा येतायत, त्यामुळे चिडचिड चालू असते. अकरा दिवस पाऊस थांबलेला नाही. खरं तर फोनच केला असता, पण या घरात फोनवर शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जातं.

चर्चपलीकडच्या उतारावर आठ घरं व्हायची आहेत, तुला माहीतच आहे. गावातल्या तरुण जोडप्यांसाठी. तिसरं आमच्या रोरीला. कर्स्टी तर पडद्यांची मापं काढून बसली आहे. घरं झाली नाहीत तर तिघं न्यूझीलंडला जाणार; तिच्या भावाने तिकडे काम बघून ठेवलंय. हे ती भांडी विसळताना अगदी गोड आवाजात सांगते.

मंगळवारी फार्करकाका मॅक्रेंना माती दिली. चर्च भरलं होतं. मी शेवटच्या बाकावर बसले आणि भजनं संपायच्या आत निघून आले. सगळ्यांना वाटलं, रडू आवरेना म्हणून.

मुद्द्यावर येत नाहीये मी, कळतंय मला.

ऑगस्टमध्ये काका माझ्या दारात आले होते, टाय बांधून. मी गावसमितीची चिटणीस ना! हातात चार पानी पत्र, स्वतःच्या अक्षरातलं. आपल्याकडे घरांवरची हरकत थेट परवानगी देणाऱ्या कौन्सिलला कोण पाठवतं? तिथे ती नाव-पत्त्यासकट सगळ्यांना वाचायला मिळते, आणि मग वीस वर्षं दुकानात कोणी बोलत नाही. चिटणिसाच्या हातात दिलं म्हणजे सरकारदरबारी पोचलं, अशी काकांची समजूत.

"पोरी," ते म्हणाले (त्रेसष्ट वर्षांची पोरगी!), "त्या उतारावर आमचा गोठा होता. मी सात वर्षांचा. असाच पंधरवडाभर पाऊस. सकाळी दार उघडलं तर गोठा नाही. वरची काळी माती अख्खी खाली आलेली. दोन गायी गेल्या आणि दूध काढायला गेलेली माझी आत्या. आईने पुन्हा कधी तो विषय काढू दिला नाही."

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"तिथे मेंढ्या चरत होत्या गं. माणसं राहायला निघाली म्हणून बोलतोय."

मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. सप्टेंबरच्या सभेत अध्यक्ष ह्यूने विचारलं, "हरकतीची पत्रं आहेत का काही, इशबेल?"

"नाहीत," मी म्हणाले.

"झालं तर मग! लिही, गावाची हरकत नाही. आणि चहा आणा रे कोणीतरी, बिस्किटं मऊ पडली."

मी लिहिलं. ताई, माझ्या हाताने लिहिलं. मनाची समजूत घातली की शहरातून इंजिनियर येऊन जमीन तपासून गेलाय, त्याला जास्त कळतं. पण त्याला जागा दाखवायला मीच गेले होते. त्याने भोकं पाडली ती खाली रस्त्याच्या कडेला, गाडी जाते तिथवरच. वर तो चढलाच नाही. त्याचे बूट नवे होते.

काका शेवटचे दिवस इस्पितळात होते. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "पाठवलंस ना?"

मी म्हणाले, "हो काका."

"गुणाची पोर," असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला.

काल दुपारी मी त्या उतारावर गेले. का, ते माहीत नाही. काहीच दिसलं नाही म्हणजे सुटले, असं वाटत असावं. आपल्या स्वयंपाकघराएवढ्या लांबीची चीर पडली आहे, ताई, गवतात. काठी घातली तर मुठीपर्यंत आत गेली आणि खाली टेकलीच नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. मी धावत खाली आले, या वयात, दोनदा पडले. रोरीला सांगितलं, चिखलात पाय घसरला.

मला फार भीती वाटते. मिरेन त्या घरात झोपलेली दिसते मला, डोळे उघडे असले तरी. आणि ती विमानात बसून जातानाही दिसते, तेव्हाही इतकीच भीती वाटते. रोरीला कळलं की त्याचं घर आईने घालवलं, तर तो माझं तोंड पाहील का?

कौन्सिलचा निकाल येत्या गुरुवारी. नाव न सांगता, बाहेरून त्यांच्या कचेरीत फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, मुदत संपली असली तरी जिवाच्या धोक्याचं पत्र असेल तर बुधवारपर्यंत घेतो, पण मूळ पत्र आणा.

काकांचं पत्र सोबत ठेवते आहे. त्याच्या मागच्या बाजूला मी ते का दडवलं ते लिहून सही केली आहे, चिरेचंही लिहिलंय. कचेरी तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. स्वतः नेऊन दे, पोच घे. इथे ठेवलं तर मी ते जाळेन. आज सकाळी शेगडीचं झाकण उघडलं होतं मी, तेवढ्यात मिरेन आजी आजी करत आली.

सोमवारी बहुतेक मी तुला फोन करेन आणि म्हणेन, थांब, देऊ नकोस, मला वेड लागलं होतं. रडेन, शपथा घालीन, आईचं नाव घेईन. माझं ऐकू नकोस. तुझ्या बहिणीचं म्हणणं या कागदावर आहे, फोनवर जी बोलेल ती रोरीची आई.

इशबेल