खोक्यांच्या कंपनीतले ऐंशी दिवस

नागपूर,
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप शोभाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (वाकणं सध्या जपून करायचं आहे, का ते पुढे येईलच, म्हणून हा नमस्कार कागदावरच पूर्ण झाला असं समज). गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मना करूनही तू गडाच्या पायऱ्या चढतेस हे रामटेकहून येणारा प्रत्येक माणूस आम्हाला सांगतो, तेव्हा नाही म्हणू नकोस. फोन का केला नाही म्हणून रागावू नको. तुला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि हा विषय ओरडून सांगण्यातला नाही.

तुला माहीतच आहे, उन्हाळ्याच्या आधी मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका खोक्यांच्या कंपनीत लागले. खोके म्हणजे पुठ्ठ्याचे. माझं काम ऑफिसात: पत्रं, हजेरी, रजेचे अर्ज आणि आमचे मॅनेजर दत्तोपंत काळमेघ यांचा चष्मा शोधून देणं (तो बहुतेक वेळा कपाळावर असतो, पण तसं सांगायचं नसतं, इकडेतिकडे शोधल्यासारखं करायचं असतं). सहा महिने प्रोबेशन. म्हणजे तितके दिवस ते मला निरखणार आणि मी हुशार दिसणार. लागून तीन आठवडे झाले, आणि कळलं की मला दिवस गेले आहेत. पाच वर्षं वाट पाहिली, तीन डॉक्टर झाले, तुझे नवस झाले, आणि बाळाने मुहूर्त काढला तो हा! स्वानंद तर स्वयंपाकघरात नाचला, त्यात दुधाचं पातेलं गेलं. मी ओटा पुसत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, आता मला काढणार.

ही भीती उगाच नव्हती, आत्या. आधी मी लकडगंजला एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे होते, तिथे माझ्या बाजूच्या टेबलावर हिमानी नावाची मुलगी बसायची. तिला पाचवा महिना लागला आणि मालकांनी मला तिचा राजीनामा टाइप करून आणायला सांगितला. कारण: घरगुती. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मी टाइप केला. समास सोडून, तारीख उजवीकडे टाकून, व्यवस्थित. तिने वाचला, सही केली, मला म्हणाली, "तुझं टायपिंग छान आहे वं," आणि डबा उचलून निघून गेली. ती टोमणा मारत नव्हती, हेच वाईट. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वानंदलाही नाही.

तर मी ठरवलं की लपवायचं. कायदा मोबाइलवर तीनदा वाचला. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालं असलं की रजेचा हक्क मिळतो, प्रोबेशन असो नसो. आणि गरोदर आहे म्हणून बाईला काढता येत नाही. वाचून धीर आला, पण हिमानीच्या मालकाने तो वाचला नव्हता, आणि दत्तोपंतांचा चष्मा कपाळावर. म्हणून आधी ऐंशी दिवस भरायचे, मग तोंड उघडायचं. कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब देत गेले. एकेक टिंब काय होतं ते माझं मला माहीत! काटोल नाक्यावरून कंपनीची बस निघते, तिचा ड्रायव्हर खड्डा चुकवणं कमीपणाचं समजतो. उतरलं की पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास. शनिवारी सगळ्यांना तर्री पोहे, आणि नागपूरचं माणूस तर्री नको म्हणतं म्हणजे काहीतरी मोठं आहे हे न कळायला ते काय परदेशातून आले आहेत? मी ॲसिडिटी सांगितली. अकाउंट्सच्या प्रमोदिनीबाईंनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, कावीळ ठरवली आणि रोज घरून हिरवा काढा आणू लागल्या. मी तो कपाटामागच्या मनीप्लांटला घालत होते (मनीप्लांट आता छताला लागलं आहे, काढ्यात दम असावा).

ओळखलं फक्त एकीने. खोक्यांना पिना मारायच्या मशीनवर भागीरथा म्हणून एक बाई आहे, दोन वर्षांपासून कामावर. मी एकदा नळापाशी ओकाऱ्या देत उभी, तर मागून येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, उठल्याबरोबर कोरडी भाकर खात जा. चहा नंतर." मी वळून पाहिलं, तर ढगळ ॲप्रनच्या आत तिचाच सहावा महिना. "तुम्ही कोणाले सांगू नका, मीबी नाही सांगत," म्हणाली. त्या दिवसापासून हजेरीच्या सहीला ती आली की आम्ही एकमेकींकडे बघायचोसुद्धा नाही, इतकं आमचं जमलं.

एकाहत्तराव्या दिवशी दत्तोपंतांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. झालं, मी मनात म्हटलं, नऊ टिंबं राहिली होती. पण साहेब म्हणाले, "त्या पिनवाल्या भागीरथाबाईचं पत्र तयार करा. काम समाधानकारक नाही असं लिहा. शेटजींचा निरोप आहे. पोट दिसून राहिलं तिचं, आता ती सुट्ट्याच मागणार." माझ्या हातात वही होती. तिच्यात मी तारीख लिहिलीसुद्धा, सवयीने, उजवीकडे. मग हात थांबला. मी वही मिटली. आणि मी म्हणाले, "सर, हे पत्र मी लिहिणार नाही. लिहायचंच असेल तर दोन लिहावी लागतील. दुसरं माझ्या नावाचं." असं स्पष्ट, एका दमात, डोळ्यांत डोळे घालून. दत्तोपंतांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला (म्हणजे तो कुठे असतो ते त्यांना ठाऊक आहे!) आणि काचा पुसल्या. मग एवढंच, "शेटजींशी बोलतो. तुम्ही जागेवर जा."

पुढचे चार दिवस, आत्या, वैऱ्यावर येऊ नयेत. कोणी काही म्हणेना. शेटजींची गाडी आली की मी टेबलावरचं माझं सामान डब्याच्या पिशवीत भरून ठेवी. भागीरथाला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, तुमचं काहून बुडवता माझ्यापायी?" आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. तिच्या घरी कमावणारी ती एकटी. नवरा झाडावरून पडल्यापासून अंथरुणावर आहे. मी स्वानंदला म्हटलं, माझं चुकलं का? तो म्हणाला, नाही. पण त्या दिवशी त्याने दोनदा भातात मीठ घातलं.

पाचव्या दिवशी आमचे खोके विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून एक बाई तपासणीला आल्या. आग विझवायची नळकांडी पाहिली, संडास पाहिले, मग म्हणाल्या, प्रसूती रजेचं रजिस्टर दाखवा. ते होतं. सुंदर होतं, कापडी बांधणीचं, आणि अकरा वर्षं कोरं. त्यांनी विचारलं, "इथे एकोणीस बायका आहेत. अकरा वर्षांत एकीलाही मूल झालं नाही?" शेटजींनी दत्तोपंतांकडे पाहिलं. दत्तोपंतांनी छताकडे. बाईंनी पेनचं टोपण काढलं, आणि त्या काही लिहिणार एवढ्यात दत्तोपंत म्हणाले, "झालं ना मॅडम! दोन प्रकरणं सुरूच आहेत. नोंद आजच करून राहिलो." आणि मला हाक मारली. मीच माझं नाव लिहिलं, माझ्याच अक्षरात, आणि वर भागीरथाचं. तिचा मान आधी. सव्वीस-सव्वीस आठवडे. शेटजींनी तपासनीस बाईंसमोर सही केली आणि मला "अभिनंदन" म्हणाले; ते म्हणताना त्यांचे दात दुखत असावेत.

तर असं हे न्यायाने झालं नाही, ऑर्डर जाईल या धाकाने झालं. पण सही शाईची आहे. माझं प्रोबेशन अजून संपायचं आहे, आणि ते वाढवतील अशी कुजबुज आहे, तेव्हा धाकधूक पूर्ण गेली असं म्हणणार नाही. काल ऐंशी टिंबं झाली. भागीरथा पुढच्या महिन्यात सुट्टीवर जाईल.

तिकडच्या सगळ्यांना माझी आठवण सांग, गुडघ्याला तेल लाव, आणि हे पत्र वाचून झालं की डब्याखाली ठेवू नकोस, फाडून टाक.

तुझी,
गुंजन

ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. केबिनमधलं पहिलं वाक्य मी खरंच बोलले, देवाशपथ. दुसरं बोलायच्या आधीच मला साहेबांच्या कचऱ्याच्या टोपलीत उलटी झाली. दत्तोपंतांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दोन झाल्या." डोळ्यांत डोळे वगैरे नंतर बसमध्ये सुचलं.

ता. क. २. आता खरं काम. ऑफिसला कळलं, कपाटामागच्या मनीप्लांटला कळलं, पण घरी आईंना (सासूबाईंना) अजून सांगितलेलं नाही. त्या नोकरी सोड म्हणतील, आणि त्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. तू रविवारी ये आणि तुझ्या पद्धतीने सांग. तुझ्यापुढे त्या बोलत नाहीत.

ता. क. ३. रविवारी आलीस तर गप्पा मारायलाच ये, त्या कामासाठी नको. आत्ताच आई मागून म्हणाल्या, "आत्याबाईंले लिहून राहिली ना? दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी असतील तर आणा म्हणा. नवं कापड लेकराले टोचते." म्हणजे त्यांना केव्हाच कळलं होतं! नोकरी सोडणार नाही, सव्वीस आठवड्यांची रजा आहे, असं मी एका दमात सांगून टाकलं. आईंनी बोटांवर महिने मोजले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सहा महिने? इतके दिवस तू घरीच राहशील?"