राखणदाराचे डोळे

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

मिळाला! मिळाला मिळाला मिळाला!! राखणदार मिळाला!

क्लिनिकच्या काउंटरमागे बसून पेटी फोडली आणि अशी किंचाळले की आत दात काढून घेणारा पेशंट खुर्चीतच उडाला. डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट बाहेर. "सेजल, कोण मेलं?" कोणी मेलं नाही हो, जन्म सार्थकी लागला! पण त्यांना काय सांगणार? सत्तावीस वर्षांची बाई बाहुली छातीशी धरून नाचते, हेच त्यांना दिसत होतं.

बोंडूघर कंपनीची पावसाळी मालिका. बारा बोंडू, सगळ्यांचं डोकं काजूच्या बोंडासारखं, पेटी बंद, आत कोण ते फोडल्याशिवाय कळत नाही. आणि तेरावा छुपा — गाव राखणारा देव, राखणदार! खांद्यावर कांबळं, हातात दांडा, पायात वहाणा. असे वीसच काढलेत म्हणे. त्यातला एक डिचोलीत, माझ्या डब्याच्या पिशवीत!

फक्त एक आहे. त्याला डोळे नाहीत. ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं, बोट फिरवलं. डोळ्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत. काहीतरी विचार असेल. बोंडूघर उगाच काही करत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आम्हा बोंडू जमवणाऱ्यांच्या, बोंडूकरांच्या ग्रुपवर रणधुमाळी! माझ्या एकटीचाच नाही, या खेपेचे सगळे तीनशे बोंडू बिनडोळ्यांचे आलेत. पेडण्याची तेजस्विनी — कॉलेजात शिकवते, ग्रुपवरही शिकवतेच — लिहिते, "कारखान्यात छपाई चुकली आहे. माल परत घ्या. राखणदाराला डोळे नसतील तर तो राखतो काय?"

पंचावन्न जणांनी हसून घेतलं. मला झोंबलं ना! मी लिहिलं, राखणदार रात्री फिरतो, त्याला डोळे लागत नाहीत, त्याला गाव पाठ असतो. म्हापशाचा प्रज्योत लगेच माझ्या बाजूने. "वा सेजल! हीच कला!" प्रज्योतकडे दीडशे बोंडू आहेत. एकही फोडलेला नाही. पेट्यांवर पेट्या. त्याला डोळे असले काय, नसले काय!

दुपारी बोंडूघरचं पत्रक: "डोळे आम्ही मुद्दामच काढलेले नाहीत. ते तुम्ही मनात काढा."

मी टाळ्या वाजवल्या. तेजस्विनीने लिहिलं, "पैसेही मनातच दिले असते तर?"

खरं सांगू? हसू आलं. पण रोजनिशीबाहेर कबूल करणार नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

ग्रुप फुटला. एकाचं नाव 'डोळस', दुसऱ्याचं 'मनातले डोळे'. मी दोन्हीकडे आहे. शत्रू काय बोलतो ते कळायला नको?

६ ऑगस्ट, बुधवार

चवथ, आमची गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर. बाबा मूर्तिकार, त्यामुळे मुळगावातलं आमचं घर म्हणजे सध्या घर नाही, गणपतींचं वसतिगृह. ओसरीवर, खाटेखाली, शिवणयंत्रावर — सगळीकडे गणपती. माती वाळत नाही म्हणून बल्ब लावलेत. त्या उजेडात राखणदाराचे फोटो झकास येतील असं वाटलं, म्हणून सकाळी त्याला चित्रशाळेतल्या, बाबांच्या मूर्तींच्या खोलीतल्या, फळीवर नेऊन उभा केला. दोन फोटो काढले तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न. धावले. तो फळीवरच राहिला, छोट्या गणपतींच्या रांगेत! दिवसभर जीव टांगणीला.

फोडू नये, पाडू नये कोणी एवढीच भीती.

७ ऑगस्ट, गुरुवार

काल घरी आले तेव्हा चित्रशाळेचं दार बंद होतं. डोळ्यांचं काम चालू. त्या वेळी आत फक्त बाबा, आणि रंग घोटून द्यायला आई. मी दहा वर्षं पीतांबर रंगवते, मुकुट रंगवते, उंदीर तर सगळे माझेच. पण डोळ्यांच्या वेळी मलाही बाहेर. "मूर्ती पयली बघता तेव्हा गर्दी नाका," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. लोकही डोळ्यांसाठीच येतात आमच्याकडे. सगुण चित्रकाराचा गणपती घरात कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतो, असं शिरगावपर्यंत म्हणतात.

आज सकाळी आत गेले. रांगेत सोळा छोटे गणपती, सगळ्यांचे डोळे झालेले. सतरावा माझा राखणदार. त्याचेही!!

बाबा शांतपणे चहात पाव बुडवत होते. "बाय, त्येचे डोळे रवलेले मगे. काढून ठेवलेले आसत."

राहिले होते म्हणून काढून ठेवले म्हणे! विसातला एक! कोणी हात लावला, ब्रश लावला की त्या बोंडूची किंमत मातीमोल. मी रडले, ओरडले, पाटाला लाथ मारली, स्वतःचाच अंगठा दुखावून घेतला. आई दारात उभी. "चुकला गो. तो रांगेत होतो, आमका आमचोच वाटलो." त्यांचा हात थरथरत होता, कपातला चहा बशीत सांडला. मागे एकदा मी त्या थरथरीबद्दल विचारलं होतं, तर आई म्हणाली होती, साखरेचं आहे, ब्रश धरला की थांबतं. मला आणखीच राग आला — आता थरथरतोय, काल नाही थरथरला!

क्लिनिकमध्ये जाऊन राखणदार काउंटरवर ठेवला. त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

बारा वाजेपर्यंत शंभरदा बघितलं असेल. तो बघतो! खरंच बघतो! जरा थकलेला, जरा वैतागलेला, रात्रभर गाव फिरून आलेला म्हातारा, आणि तरीही "जा गो घरी, मी आसंय" असं म्हणणारा. पेशंट म्हातारीने त्याला बघून नकळत हात जोडले.

हे बोंडूघरला सुचलं नसतं. सात जन्मांत नसतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

फोटो टाकला. दोन्ही ग्रुपांवर. होऊन जाऊ दे!

९ ऑगस्ट, शनिवार

आठशे मेसेज!! जेवले नाही, फोन चार्जरला लावून उभ्यानेच वाचले.

प्रज्योत: "हा खून आहे." माझा पाठीराखा! कालपर्यंत वा सेजल, आज खून!

आणि तेजस्विनी? तिने चक्क लिहिलं, "इतकं जिवंत काही मी वर्षभरात पाहिलेलं नाही." तिचा मेसेज मी चारदा वाचला. आपला पक्ष कोणता, तेच कळेना.

मग दुसऱ्या कोणीतरी शंका काढली. फोटो मोठा करून लाल गोल काढला. "एवढी बारीक रेघ हाताने शक्य नाही. स्टिकर आहे. भाव खायला नाटक." आणि सगळे, इकडचे आणि तिकडचे, त्या एका गोष्टीवर एक झाले! आठ दिवस भांडणारी माणसं मला खोटी ठरवायला मात्र गळ्यात गळा घालून!

मी लिहिलं — माझे बाबा मुळगावचे सगुण चित्रकार. चाळीस वर्षं डोळे काढतात. या हातासारखा हात गोव्यात नाही.

"मग दाखव," प्रज्योत.

१० ऑगस्ट, रविवार

खुद्द बोंडूघरच्या देवेशचा फोन! ज्याने पहिला बोंडू बनवला तो देवेश! माझ्याशी! कोकणीत! आवाज अगदी साधा, आमच्या बसच्या कंडक्टरसारखा.

आधी म्हणाला, कोणाला सांगू नका, डोळ्यांची छपाई चुकलीच होती. (तेजस्विनी, तेजस्विनी, तू जिंकलीस, पण हे तुला कळणार नाही.) मग म्हणाला, १७ तारखेला पणजीत बोंडूकरांचा मेळावा आहे, तुमच्या बाबांना आणा. सगळ्यांसमोर एका राखणदाराचे डोळे काढू द्या. जमलं तर या खेपेचे बाकीचे सगळे बोंडूही त्यांनीच करावेत, चवथीनंतर, सावकाश. पेटीवर त्यांचं नाव छापीन.

पेटीवर नाव! आमच्या बाबांचं! मी हो म्हटलं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. दोन्ही ग्रुपांवर टाकूनही मोकळी झाले: बाबा येणार, तुमच्या डोळ्यांदेखत काढणार, मग बोला!

११ ऑगस्ट, सोमवार

बाबा नाही म्हणाले.

१३ ऑगस्ट, बुधवार

आजही नाही. "माका पणजीक जावक वेळ खंय आसा? चवथ इली." अहो, एक दिवस! एक दुपार! गेल्या वर्षी याच दिवसांत पेडण्याला भजनाला गेला होतात ना? मग म्हणतात, पाठ दुखते. मग म्हणतात, बाहुल्यांचं काम माझं नव्हे. आईकडे बघितलं तर ती खाली मान घालून माती मळतेय. ही तरी माझ्या बाजूने बोलेल की नाही!

ग्रुपवर उलटी गणती लावलीय कोणीतरी. "स्टिकरवाल्या बाबांचे दर्शन — चार दिवस."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी होती. नसती तर बरं झालं असतं.

जेवताना पुन्हा विषय काढला. बाबा नाही. मी म्हटलं, लोक मला खोटारडी म्हणतायत. बाबा म्हणाले, "म्हणांदेत." आणि माझं डोकं फिरलं. बोलून गेले — "तुम्हांला येतच नसेल सगळ्यांसमोर! बंद दाराआडचे शूर तुम्ही!"

बाबांचा घास हातातच राहिला. आई कधी नव्हे ती ओरडली, "गप गो! बापाशीक असा बोलतत?"

बाबा न जेवता उठले आणि चित्रशाळेत जाऊन बसले. मला लाज वाटली. पण माफी मागायला उठले नाही, तेही लिहून ठेवते. मी हट्टी आहे, बाबांवर गेलेय.

१६ ऑगस्ट, शनिवार

संपवलं. ग्रुपवर लिहिलं: बाबा येणार नाहीत. राखणदार माझा आहे, मला तो आवडतो, तुम्हांला काय म्हणायचं ते म्हणा.

म्हणाले! प्रज्योत: "म्हणजे स्टिकरच." दुसरा: "लबाड पोरगी, बापाच्या नावावर खपवत होती." तिसरा: "बापही त्यातलाच असणार." त्या तिसऱ्याला घरी जाऊन झोडपावंसं वाटलं. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण बाबांना? चाळीस वर्षं ज्यांच्या हातचे गणपती लोक मखरात बसवतात त्यांना? आणि हे मीच ओढवून आणलं. फुशारकी कोणाची? माझी!

तेजस्विनीने एकटीने लिहिलं, "जरा थांबा रे. तिला बोलू तरी द्या." शत्रू असावा तर असा.

मी चुलीपाशी बसून रडत होते. आईने माझ्या हातातला फोन घेतला. चष्मा लावून सगळं वाचलं, एकेक ओळ, बोट ठेवून. मग फोन घेऊन चित्रशाळेत बाबांकडे गेली. आतून बराच वेळ तिचाच आवाज येत होता.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात. आईही, काठाची साडी नेसून. "चल, बस चुकात."

पणजीचा हॉल गच्च. टेबलावर बिनडोळ्यांचा राखणदार, भोवती शे-दीडशे फोन उभे. बाबांनी ब्रश उचलला आणि उजवा हात सगळ्यांसमोर धरला. पानासारखा हलत होता. ब्रश धरूनही थांबला नाही. मग त्यांनी ब्रश आईच्या हातात दिला.

"सात वर्सां झाली. डोळे हीच काढता. ही चंद्रावती."

आईने पदर खोचला. दोन रेघा, दोन ठिपके. तेजस्विनीने माझा राखणदार आणि तो शेजारी शेजारी धरले. "तोच हात," म्हणाली. मग जो काही गलका झाला! प्रज्योतने खिशातून पेटी काढून तिथल्या तिथे फोडली, आईपुढे धरली. मी मात्र आईकडे बघत होते. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं!

येताना बसमध्ये बाबांचा फोन वाजला. शिरगावचे शांताराममामा, आमचं जुनं गिऱ्हाईक. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. बाईमाणसाने काढलेले डोळे आमच्या घरात चालत नाहीत, यंदा तरी तुमच्याच हातचे द्या, म्हणत होते. आई खिडकीबाहेर बघत बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मगे दुसरीकडे बघा मामा. आमच्याकडे डोळे तीच काढतली."