जीप येण्याआधीचा व्हिडिओ

मंगळवार, बीड

समोरच्या शीतलला क्लासला जाताना जीपमध्ये ओढून नेलं, ते आमच्या दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्यात आलं. तिचा अजून पत्ता नाही. पोलिसांना दिलेला व्हिडिओ बाहेर कसा फुटला, कोण जाणे. आता इंटरनेटवर अनोळखी माणसं वाद घालतायत. ती चप्पल नीट करायला वाकली, ती म्हणे खूण होती; पोरगी मर्जीनंच गेली. चप्पल नीट करणं म्हणजे खूण? वाचून वाचून जीव थकला.

संध्याकाळी तिची आई आली. वाटलं, जाब विचारणार.

"ताई, तेवढा व्हिडिओ दाखवा की. जीप यायच्या आधीचाच. लेकरू चालतंय, तेवढंच बघायचं हाय."

दाखवला. मग परत, परत. दर वेळी जीप दिसायच्या आत मी बोटानं थांबवत होते.