उभा चेंडू

जळगाव,
सोमवार, ता. १८ जुलै १९३८

भिकनभाऊस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. तिकडे तू, तानुवहिनी, पोरं आणि गोठ्यातली मंडळी सगळी खुशाल असाल असं धरून चालतो, कारण काही वाईट झालं असतं तर चाळीसगावच्या गाडीने ते एव्हाना माझ्या कानावर आलं असतं. पाऊस इथे बरा आहे. आपली कपाशी निंदायला आली असेल.

पत्र हातात पडताच तू म्हणशील, याला आज कुठून भाऊ आठवला! म्हण. अकरा वर्षांत माझं हे पहिलंच पत्र. मायच्या दहाव्याला आलो होतो, दोन दिवस राहिलो, आणि ते दोन दिवस आपण दोघं फक्त बैलांबद्दल बोललो. निघताना तू एवढंच म्हणालास, "बोटं सांभाय रे भो." गिरणीतल्या यंत्रावर मी काम करतो असं तुम्हा सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तेव्हा तू ते म्हणणं साहजिकच होतं.

ती थाप होती, भाऊ. हजेरीपटावर मी आहे, पण यंत्राला मी कधी हात लावला नाही. गिरणीचा फुटबॉलचा संघ आहे आणि मी त्याचा गोलकीपर. पगार त्याचाच. सकाळी पळायचं, दुपारी पडून राहायचं, संध्याकाळी चेंडू अडवायचे. अशी नोकरी असते हे सांगून आबांना पटलं असतं का? त्यांनी मला चाबकाने झोडलं असतं.

आता माझी बढाई ऐक. मारतोच आहे, लाजत नाही. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुणालाही विचार, गिरणीचा गोलकीपर कसा आहे. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, एक दात गेला, पण गोलात माझ्यासारखा उभा राहणारा या मुलखात दुसरा नाही. आणि चेंडू अडवणं तर सोडच, मी पेनल्टी मारतो! पेनल्टी म्हणजे, समोरच्याने आपल्या गोलाजवळ आगळीक केली की चेंडू बारा पावलांवर उभा ठेवतात. मारणारा एक आणि गोलकीपर एक, मध्ये कुणी नाही. ती मारायला पुढचा एखादा गडी जातो. आमच्याकडे मी जातो. अख्खं मैदान ओलांडून, आपला गोल मोकळा टाकून. चुकलो तर परत धावत यायचं आणि तोवर आपल्या गोलात कुत्रंसुद्धा नाही!

पहिल्यांदा गेलो ते एकोणतीस साली, भुसावळला. पेनल्टी मिळाली आणि आमचे सगळे गडी एकमेकांच्या मागे लपायला लागले. तेवढ्यात आमचे हेडक्लार्क पितांबरनाना बाहेरून ओरडले, "गोलकीपरला मारू द्या!" त्यांना हे काय सुचलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. लोक खो खो हसले. मी गेलो, चेंडू नीट ठेवला, मारला. मग कुणी हसलं नाही. तेव्हापासून एकतीस मारल्या आणि तीस आत गेल्या. उरलेली एक चिखलामुळे गेली, ती मी धरत नाही.

लोक विचारतात, काय रे, जन्माचा गोलकीपर तू, तुला मारायचं कुणी शिकवलं? मी हसून सोडून देतो. तुला मात्र हसून सांगता यायचं नाही. तुला सगळं माहीत आहे.

गिरणा नदीच्या वाळूतली आपली टरबुजांची वाडी आठवते ना? मी खालून फेकायचो, तू गाडीत उभा राहून झेलायचास. एक टरबूज कधी फुटलं नाही तुझ्या हातून. काम आटपलं की वाळूत दोन टोपल्या मांडायच्या आणि रेल्वेवाल्यांनी टाकून दिलेल्या चेंडूत चिंध्या भरून खेळायचं. टोपल्यांच्या मध्ये तू आणि मारणारा मी. चार वर्षं मारत होतो. फक्त एकदा चेंडू तुझ्या हातून निसटला, तोही नवी नवरी असलेल्या तानुवहिनीने भाकरीला हाक मारली म्हणून.

तर गोलकीपर कोण होता, भाऊ? मी तर नव्हतो.

आता लिहितोच. सत्तावीस सालच्या फाल्गुनात चाळीसगावला रेल्वेवाल्यांकडे गडी कमी पडला म्हणून तू त्यांच्या गोलात उभा राहिलास आणि गिरणीच्या संघाला एक गोल करू दिला नाहीस. पितांबरनाना ती मॅच बघत होते. आठ दिवसांनी त्यांची चिठ्ठी टेशनवर आली. "भिकन सुपडू पाटील, गोलकीपर, यांस ताबडतोब जळगावी पाठवणे. नोकरी पक्की." मी टरबुजांच्या टोपल्या गाडीत चढवत होतो. टेशनमास्तरांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि भावाला दे म्हणाले.

मी ती दिली नाही. घरी येऊन गिरणीत काम मिळालं असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी जळगावला गेलो आणि भिकन म्हणून त्यांच्यापुढे उभा राहिलो. आपण दोघं दिसायला सारखे, त्यात मॅचच्या दिवशी तुझं तोंड धुळीने भरलेलं. कुणाला काही कळलं नाही. मनाची समजूत घातली की भाऊच्या गळ्यात शेत आहे, त्याचं लग्न झालंय, तो कुठला जातोय! पण तुला विचारलं नाही. कारण तू हो म्हणाला असतास.

हजेरीपटावर भिकन आहे. पोरं भिंतीवर कोळशाने लिहितात ते भिकन. मैदानावर हजार माणसं ओरडतात, "भिकन! भिकन!" पहिली दोन वर्षं ते ऐकून मान वळवायचो, तू आलास की काय म्हणून.

येत्या एकतीस तारखेला, रविवारी, धुळ्याला मॅच आहे. ती झाली की गिरणी मला सर्वांसमोर चांदीचा बिल्ला देणार. त्यावर तुझं नाव खोदून तयार आहे, मी पाहिलं. तो मला घेववणार नाही. तू धुळ्याला ये. सांगून टाक म्हणालास तर तिथेच सगळ्यांदेखत सांगीन, मग नोकरी राहो की जावो. गप्प बस म्हणालास तर गप्प बसेन. तू म्हणशील तसं.

आणखी एक विचारायचं आहे. खरं म्हणजे तेवढंच विचारायला हे पत्र लिहायला बसलो होतो. श्रावणात घरी कानबाई देवी बसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन तू सव्वा सव्वा मूठ सुपात टाकतोस. माझ्या नावाची मूठ अजून पडते का? घरचा नसेल त्याला रोटाचा तुकडा देत नाहीत, म्हणून विचारतो. बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
चुडामण

———

जळगाव,
मंगळवार, ता. २ ऑगस्ट १९३८

भिकनभाऊस,

पुन्हा नमस्कार. कालची नागपंचमी इथे बरी झाली. मी खुशाल आहे, आणि या वेळी हे नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही.

तुझं उत्तर आलं नाही. धुळ्यालाही तू आला नाहीस. मैदानाच्या कडेने उभ्या असलेल्या गर्दीतला फेटा न् फेटा मी बघितला. एक माणूस तर पाठमोरा अगदी तुझ्यासारखा, मी गोल सोडून चार पावलं गेलो, तर तो वळला आणि निघाला भजीवाला. आमचे गडी ओरडायला लागले, अरे, चेंडू कुठे आणि तू कुठे!

मॅच शून्यावरच अडलेली. दहा मिनिटं उरली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. मी निघालो तसा आरडाओरडा सुरू झाला, "भिकन! भिकन!" आता तुला माझी युक्ती सांगतो. ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही. पेनल्टी मारताना समोर कोण गोलकीपर आहे ते मी बघतच नाही. तिथे मी तुला उभा करतो, टोपल्यांच्या मध्ये, धोतर खोचून. तुला चुकवायचं म्हणून मारलेला चेंडू दुसऱ्या कुणाच्या बापाला सापडत नाही. पण रविवारी तुला उभा केला आणि मला तुझ्याकडे बघवेना. खाली मान घालून मारला. चेंडू आतून खांबाला लागून कसाबसा गोलात गेला. इतकी वाईट पेनल्टी मी जन्मात मारली नव्हती आणि लोक मला खांद्यावर घेऊन नाचत होते.

ठरवलं, भाऊ आला नाही तर न येवो. त्याच्या हुकमाची वाट कशाला बघायची? चोरी मी केली, तेव्हा सांगणंही मलाच भाग आहे.

बिल्ला द्यायच्या आधी पितांबरनानांना तंबूमागे नेलं. म्हटलं, "नाना, बिल्ल्यावरचं नाव माझं नाही."

"का? सोनारानं चुकवलं?"

"सोनारानं नाही, मी चुकवलं. भिकन माझा थोरला भाऊ. चाळीसगावला तुम्ही पाहिलात, तो भिकन. मी चुडामण."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "खुळा झालास का? चुडामणला मी ओळखतो. त्याच्या हातचं टरबूज खाल्लंय मी!"

भाऊ, नाना सांगत होते आणि मी ऐकत होतो. सत्तावीस साली मी जळगावला आलो आणि पहिल्याच मॅचला चार गोल खाल्ले. नानांना संशय आला. ते कुणाला न सांगता आपल्या गावी गेले. नदीत एक गडी गाडीत उभा राहून टरबुजं झेलत होता. त्याला विचारलं, आमच्या गिरणीचा गोलकीपर भिकन पाटील, त्याचं घर कुठलं? तो गडी म्हणाला, "भिकन जयगावले गया. मी त्याना धाकला भाऊ, चुडामण."

नाना म्हणाले, तुझा भाऊ तर आमच्याकडे चेंडू सोडतोय. तेव्हा तो म्हणाला, "महिनाभर सोडी. मंग शिकी. त्याले काढू नका." मग गाडीतून उतरून त्याने एक टरबूज फोडलं, नानांना सावलीत बसवून खायला घातलं, आणि निघताना आणखी एक सांगितलं. नानांना ते शब्दच्या शब्द पाठ होतं. "चेंडू हुभा व्हई ते त्यालेच मारू द्या. तो चुकनार नही."

"म्हणून तर भुसावळला ओरडलो मी," नाना म्हणाले. "तू चुडामण, तर मग तो कोण होता?"

तंबूच्या दोरीला धरून रडलो, सरळच सांगतो. आमचे गडी धावत आले, त्यांना वाटलं पाय मोडला.

म्हणजे तुला तेव्हाच सगळं कळलं होतं! आणि तू माझं नाव स्वतःला लावून घेतलंस, माझी थाप उघडी पडू नये म्हणून. मायच्या दहाव्याला दोन दिवस माझ्याशी बैलांच्या गोष्टी करत बसलास आणि जाताना बोटं सांभाळ म्हणालास. ते यंत्रासाठी नव्हतंच. गोलकीपरला गोलकीपरने सांगितलेलं होतं ते. आणि मी इथे नऊ वर्षं छाती काढून फिरतोय, पेनल्टीवाला गोलकीपर म्हणून! ती पेनल्टी तू मला मिळवून दिलीस, नदीत उभा राहून. माझा राग येतो, भाऊ, आणि तुझाही येतो. एकदा तरी कान धरून मला मारायचं होतंस. मी लवकर घरी आलो असतो.

नोकरीचं म्हणशील तर ती राहिली. नानांनी तासभर शिव्या दिल्या, मोठ्या साहेबांनी लेखी माफी घेतली, आणि आज हजेरीपटावर नानांनी स्वतःच्या हाताने चुडामण सुपडू पाटील असं लिहिलं. काढतील कसे? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि माझ्यासारखा दुसरा त्यांना आणायचा कुठून? बिल्ल्यावरचं नाव खरवडून नवं घालू म्हणाले. मी म्हटलं, हात लावू नका, ते बरोबर आहे. बिल्ला घेऊन येतो. तो तुझा आहे, मी फक्त तुझ्यापर्यंत पोचवणार.

शनिवारच्या गाडीने चाळीसगावला उतरतो. बैल जुंपून पाठवू नकोस, चालत येईन. कानबाईला बोळवून आलो की सोमवारी खळ्यात दोन टोपल्या मांड. तू मध्ये उभा राहा. मारणार मी, आणि या वेळी वहिनीने हाक मारली नाही तरी चेंडू आत जाणार, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या पत्रात रोटाचं विचारलं होतं. त्याचं उत्तर आता देऊ नकोस. अकरा वर्षं ज्याने माझं नाव अंगावर घेतलं, तो गव्हाच्या सुपातून ते गाळील होय? मूर्खासारखं विचारलं मी. फक्त एक कर, गहू घ्यायला मी येईपर्यंत थांब. पहिली मूठ तुझ्या नावाची टाक, दुसरी माझ्या. दोन्ही नावं मोठ्याने घे. मला ती तुझ्या तोंडून ऐकायची आहेत.

माझं नाव इतकी वर्षं तू सांभाळलंस, ते परत घ्यायला येतोय,

तुझा धाकला भाऊ,
चुडामण