ॲसिटोनचा वास

मंगळवार, संध्याकाळ

हाताचा ॲसिटोनचा वास जात नाहीये. सकाळी लॅबमध्ये रुबीनाच्या टेबलावर कुणीतरी मार्करने लिहिलं होतं, 'गोवंडीची घाण, परत जा'. वाचून ती बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती यायच्या आत मी ॲसिटोनने सगळं घासून पुसलं. चांगल्या मनानेच ना?

दुपारी तक्रार समितीने, जिच्यावर मीही आहे, तिला विचारलं, पुरावा काय?

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, लॅबमध्ये मोबाइल चालत नाही ना. बाहेर बॅगेतून आणायला गेले होते. फोटो काढायला."

ते मी वाचलं आणि मीच पुसलं, हे मी समितीला सांगितलं नाही. 'पुरावा नाही' लिहून समितीने तक्रार बंद केली.

साबणाने तीनदा हात धुतले, तरी वास आहेच. त्या कागदावर सहीसुद्धा याच हाताने केली.