पाठ करून बसणं

आई,

मागच्या दारी आडाळ्यावर, माझ्या माहेरच्या भाषेत विळीवर, बांगडे कापायला बसलात की तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसायचात. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे, आणि पायरीपलीकडे माडाच्या बुंध्याआड दबलेल्या त्या मांजरीकडे. तुमच्यासमोर फक्त कोकमाच्या सोलांनी लख्ख घासलेला तांब्याचा हंडा. मी नवी सून. मला वाटायचं, आम्हा दोघींचं तोंड बघायची तुम्हाला इच्छा नाही.

मांजरी मीच आणली होती. लग्नानंतर तुमचा मुलगा आगबोटीने मुंबईला नोकरीवर परत निघाला, त्याला पोचवायला आपण मालवणच्या बंदरावर गेलो होतो. फाटक्या कानाची ती दोरखंडांच्या ढिगाखाली दडली होती आणि एक खलाशी तिला वल्ह्याने ढोसत होता. रडू आवरायला हातांना काहीतरी हवं होतं म्हणून असेल, मी तिला नारळांच्या रिकाम्या टोपलीत घातलं. तिने माझं मनगट ओरबाडलं. बैलगाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "घोव गेलो मुंबैक, नि तू मांजर घेवन इलंस?"

घरी ती कुणाजवळ येईना. नजर पडली की पळायची. मासे विकायला येणारी बाई रोज बजावायची, "काकी, ह्या मांजर चोरटा आसा. गोणत्यात घालून खाडयेपलीकडे सोडा. पाणी वलांडल्यार तेका वाट मेळाची नाय." तुम्ही म्हणायचात, "बघूया." मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात वाढलेली, तुमची बोली अर्धीच कळायची. तुमच्या प्रत्येक "बघूया"त मला गोणतं दिसायचं. मी माझ्या वाटणीचा तुकडा पदराआडून तिला टाकायचे आणि तुम्ही मागे न वळता विचारायचात, "मड्डमिणी, मगे तू काय खातलंस?" पाठीला डोळे असलेल्या बाईवर विश्वास कसा ठेवायचा?

मग शिमग्याचा तो दिवस. रोंबाटाची मिरवणूक आपल्या अंगणात यायची आहे, वाडीच्या वळणावर ढोल वाजू लागलेत, आणि मांजरी कुठेच नाही. तुम्हाला गोणतं घेऊन मागच्या बाजूला जाताना मी पाहिलं होतं. आता तुम्ही रिकाम्या हातांनी परत येताय. हातांवर ओरखडे.

"सोडून आलात ना तिला?" मी शेजारणींसमोरच विचारलं.

"होय, सोडलंय. जा, बघ खंय ता. दार मात्र उघडा टाकू नको."

मी मागच्या बाजूला धावले. गवताच्या खोपीत खिडकीला गोणतं ठोकलेलं होतं, ढोलांचा आवाज अडावा म्हणून. कोपऱ्यात ती टोपली, टोपलीत तुमचं जुनं लुगडं, लुगड्यात दोन डोळे. मी पुढे सरकले तशी ती फिसकारली. मागून तुम्ही आलात. "बघू नको गो तेच्याकडे. पाठ कर नि बस. येतला आपसूक." बाहेर ढोल घुमत होते आणि आपण दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. ती काही आली नाही. मी तसं म्हटलं, तर तुम्ही हसलात. "तू तरी खंय इलंस अजून?"

पुढे तुम्ही तापाने पडलात तेव्हा तुमच्या जागी आडाळ्यावर मी बसले. समोर हंडा. त्यात पायरी दिसत होती, माड दिसत होता, आणि मान लांब करून एकेक पाऊल पुढे टाकणारी ती. मी जिथे उभी राहायचे तो दाराचा कोपराही. तुम्ही आमच्याकडे पाठ कधी केलीच नव्हती.

आता माझ्या घरातही नवी सून आली आहे. मी काही म्हटलं की थबकते, माझ्या "बरं"मध्ये काय आहे ते शोधते. कुडाळच्या बाजारातून तिने परवा एक भेदरलेलं पिल्लू आणलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते: हंडा मी रोज घासते ते स्वच्छतेसाठी नव्हे.

माझ्यामागे आडाळा लेकीला द्यावा, तिला धार लावता येते. टोपली कुणालाच नको. तिच्यात सध्या पिल्लू झोपतं. हंडा सुनेला. का, ते तिला कुणी सांगू नये. आडाळ्यावर बसेल तेव्हा तिला दिसेल.