शकुनसाठी गाळलेली हवा

७ जानेवारी १९६२, रविवार. जठारपेठ, अकोला.
शकुनला डॉक्टरकडे नेले. दिवाळीपासून पोरीच्या छातीत शिट्ट्या वाजतात. वय वर्षे सात. डॉक्टर म्हणाले दमा, आणि मांजराच्या केसांची ॲलर्जी. मांजर घराबाहेर काढा, नाहीतर मुलीला दुसरीकडे ठेवा.
डॉक्टरांनी मांजर पाहिलेही नाही. आरोपीला न बघता निकाल! डिग्री असली की असे होते. मी चौथी इंग्रजीनंतर शाळेत गेलो नाही, पण रेडिओ, घड्याळे आणि शिलाई मशीन स्वतः शिकलो, आणि प्रत्येक गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय बोललो नाही.
माझे मत : दोष हवेचा. चहा गाळतात, पाणी गाळतात, हवा का नाही? संकल्प : संक्रांतीपर्यंत हवा गाळण्याचे यंत्र तयार.
कलेक्टर घरातच राहील. (कलेक्टर म्हणजे आमचा बोका. मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या गोदामातून मीच आणला. बसण्याची ऐट बघून नाव दिले.)
बायको भागीरथा म्हणाली, डाक्टर मांजर काढा म्हंते अन् तुमी पंखा काहून खोलून राहिले? आणखी म्हणाली, या महिन्यात पोट्टीले आराम नाई पडला तं मी तिले आईकडे धामणगावले नेतो, तिथंच शाळेत घालतो. रागात बोलली. तरी बोलली.

१० जानेवारी, बुधवार.
आराखडा तयार. चहाची रिकामी पेटी. एका तोंडाला टेबलफॅन, दुसरे तोंड उघडे, मध्ये रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, जाड थर. पंखा पेटीतून हवा ओढेल, धूळ रुईत अडकेल, शुद्ध हवा शकुनच्या उशीकडे जाईल.
रुई आमच्याच प्रेसची, मॅनेजरला विचारून आणली. एवढ्या लांब धाग्याची रुई लोक कापडाला वापरतात, हवेला पहिल्यांदा मीच. प्रेसच्या वजनकाट्यावरच्या खुशालरावाने विचारले, टाइमकीपर साहेब, गादी भरून राहिले का? रुई काखोटीला मारून निघालो.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.
यंत्र सुरू केले. तत्त्व शंभर टक्के बरोबर. रुई मात्र पंख्यात ओढली गेली आणि घरभर उडाली. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या मैनाबाईंनी तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि तोंडातून हातभर धागा ओढून काढला. म्हणाल्या, बाई भागीरथा, यंदा लाडू लय चिवट झाले.
शकुन हसली. हसता हसता खोकली, मग नुसती खोकतच राहिली. भागीरथेने माझ्याकडे पाहिले. मग पंख्याचे बटण स्वतः बंद केले.
उपाय : रुईच्या दोन्ही बाजूंना जाळी. आधी का सुचले नाही, तर सणाच्या गडबडीमुळे.

१८ जानेवारी, गुरुवार.
यश! जाळी बसवून तीन दिवस झाले. आज पेटी उघडली, तर रुईच्या वर करड्या केसांचा थर! म्हणजे यंत्र हवेतले केस पकडते आहे. चिमट्याने केस उचलून भागीरथेला दाखवले. ती म्हणाली, पोट्टीचं नाक चोंदून आहे अन् तुमी कापूस पाहून राहिले.
शकुनच्या शिट्ट्या थोड्या वाढल्या हे खरे. कारण उघड आहे. शुद्ध हवा आत गेली की जुनी खराब हवा बाहेर पडणार. बाहेर पडताना आवाज करणारच.

२१ जानेवारी, रविवार.
यंत्र शकुनच्या उशीला अगदी लावून ठेवले. केस दुप्पट सापडले. पुरावा दुप्पट.
कलेक्टरलाही यंत्राचे महत्त्व कळले आहे. पंखा बंद असला की दिवसभर पेटीपाशीच. सध्या थंडी फार, त्याचे वजनही वाढले आहे. माणसांपेक्षा मुक्या जनावराला शास्त्राची ओढ जास्त.
खुशालराव घरी येऊन गेला. म्हणतो, हे बोका नोहे, भाटी हाये, मादी. कापूस तोलणाऱ्याने कापूस तोलावा.

२३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ.
शकुनला मोठा झटका आला. ओठ निळसर. डॉक्टरांना घरी आणावे लागले. इंजेक्शन दिले. श्वास शांत होईपर्यंत तिने माझे बोट सोडले नाही. दुसऱ्या हाताने मी यंत्राचा वेग वाढवला.
डॉक्टरांना यंत्र समजावून सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, मांजर गेलं का? जिज्ञासा नाही माणसाला.

२४ जानेवारी, बुधवार.
भागीरथा शकुनला घेऊन पॅसेंजरने धामणगावला गेली. ट्रंकेत शाळेचे दप्तर भरलेले पाहिले. स्टेशनवर शकुन खिडकीतून म्हणाली, बाबा, यंत्र नीट झालं की मले घ्याले याल ना? म्हणालो, शनिवारपर्यंत.
घरी आलो. घर शांत. कामाला चांगले.

२७ जानेवारी, शनिवार.
रुई बदलायला पेटी उघडली. आत कलेक्टर. कलेक्टरसोबत चार पिल्ले.
वरची जाळी एका कोपऱ्यात वाकवलेली. खाली रुईत खोल घरटे, रोजच्या झोपेने दाबून गोल झालेले. घरटे एका दिवसाचे नाही. म्हणजे पंखा हवा ओढायचा ती या घरट्यावरून, आणि सोडायचा शकुनच्या उशीवर.
थोडक्यात, आम्ही हवा मांजरातून गाळत होतो.
रचनेत दोष नाही. फक्त आत मांजर होते.
प्रेसमध्ये बातमी माझ्याआधी पोचली. खुशालराव सगळ्यांदेखत म्हणाला, कलेक्टर बाळंत झाले म्हंतात, आता चार्ज कोनाकडे? जेवलो नाही.

२८ जानेवारी, रविवार. धामणगाव रेल्वे.
सकाळच्या गाडीने आलो. सासूबाईंच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोललेल्या, बकऱ्या बांधलेल्या, शेजारी कोणीतरी मिरच्या कांडत होते. इतक्या धुळीत शकुन पळत होती. शिट्टी नाही, काही नाही. चार दिवसांत.
मला पाहून धावत आली, कोटात तोंड खुपसले. शिंकली. पुन्हा शिंकली. मग तीच शिट्टी.
भागीरथेने तिला ओढून घेतले. कोट हातात धरून पाहिला, उन्हात. कलेक्टर रोज माझ्या कोटावर निजतो हे मी डॉक्टरांना सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नव्हते.
सासूबाई गोदाबाई म्हणाल्या, जवाईबापू, तिथंच थांबा, घरात येऊ नोका. विहिरीवर उभे करून माझ्या डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या. सगळे कपडे भिजत घातले. घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून अंगावर त्यांचे जुने लुगडे. अंगणाच्या कुडापलीकडून दोन बायका जावई पाहून गेल्या.
भागीरथेला सांगितले, उद्या कलेक्टर आणि पिल्ले गोदामात सोडतो. अंथरूण-पांघरूण उकळतो, भिंती पुसतो, मग तुम्हाला न्यायला येतो. ती म्हणाली, आदी सोताले उकळा. पण दप्तर ट्रंकेतून बाहेर काढले नव्हते, ते मी पाहिले.
दुपारी शकुन लुगड्यातल्या मांडीवर येऊन बसली. तिच्या पाठीला कान लावून बराच वेळ ऐकले. नुसता श्वास.
विचारले तिने, बाबा, यंत्र काय झालं? म्हणालो, बंद केले. ती म्हणाली, मंग इथं हवा कोन गाळते?
विचारता विचारता ती झोपली. परतीच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. उठलो नाही.